बाबांच्या वाट्याचं अजिंक्यपद

"तू झोपलास."

"डोळा लागला जरा."

"आठव्या डावात? आपले अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर, आणि तू सोफ्यावर आडवा. वरच्या मजल्यावर घोरणं ऐकू येत होतं. टीव्हीवरचा माणूस काय बोलतोय ते मला कळेना."

"लोरेटा, पहाटे पाचला बस काढायची असते मला. शाळेची पोरं असतात आत. त्यांच्या आईबापांना काय सांगू, सामना लांबला म्हणून बस खांबावर घातली?"

"शहाऐंशी साली तीन रात्री टक्क जागा होतास."

"शहाऐंशी साली मी सव्वीस वर्षांचा होतो. शिवाय तेव्हा आपण हरलो होतो. हरल्यावर कुणाला झोप लागते? जिंकल्यावर लागते. नाहीतर जिंकायचं कशासाठी?"

"शेफारलायस तू. तू आणि हे सगळं शहर."

डर्मट क्वीलीने पावाला लोणी लावणं काही थांबवलं नाही. सकाळची फेरी करून तो नुकताच परतला होता, दुपारच्या फेरीला अजून अवकाश होता, आणि या मधल्या वेळात बहिणीशी भांडायला त्याची ना नसायची. बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागातल्या त्या तीन मजली लाकडी घरातलं मधल्या मजल्यावरचं स्वयंपाकघर त्याचं. थोरली लोरेटा वरच्या मजल्यावर एकटी राहायची, पण तिचा चहा खालीच व्हायचा. आज कामावरून तासाभरासाठी ती मुद्दाम घरी आली होती. बुटांना चिखल, बगलेत पेपर. पेपरच्या पहिल्या पानावर एकमेकांच्या अंगावर उड्या मारणारे खेळाडू आणि वर हाताएवढी अक्षरं.

"शेफारलो तर शेफारलो," तो म्हणाला. "ही अकरावी मिरवणूक, लोरी. बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉल, बर्फावरची हॉकी, सगळं जिंकून झालं. अकराव्या लग्नात कुणी रडतं का?"

"तुझ्या नातीने आज सकाळी काय विचारलं मला, माहितेय? बुधवारी मिरवणूक म्हणजे शाळेला सुट्टी का, एवढंच. कोण जिंकलं तेसुद्धा नाही."

"आठ वर्षांची आहे ती. तिला वाटतं, पानं गळायला लागली की आपोआप मिरवणूक निघते."

"आणि फेब्रुवारीत फुटबॉलचा एक अंतिम सामना काय हरलो, तिचा आजोबा आठवडाभर जेवणावर रुसला होता. एक सामना. आपल्या बाबांनी अख्खा जन्म हरण्यात काढला, पण ताटावर राग नाही काढला कधी."

यावर डर्मट हसला. लोरेटालाही हसू आलं, ते तिने कपात लपवलं. मग कप खाली ठेवत, सहज बोलल्यासारखं ती म्हणाली, "बाराला फाटकापाशी ये. पेपर माझ्याकडे आहे."

"मी येणार नाहीये."

"बरं, साडेबाराला ये."

"वेळेचं नाही म्हणत मी. येणारच नाही. वाचणार नाही."

आता मात्र तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

बाबा म्हणजे कॉर्नेलियस क्वीली, सगळ्यांचा कॉन. मॅटापॅनच्या ट्रामवर ड्रायव्हर. आयर्लंडमधून आले तेव्हा अक्षरओळख बेताचीच होती. बोलायला वाघ, पण छापील ओळ दिसली की मांजर व्हायचे. त्यामुळे संध्याकाळी घरी आले की बूट काढायच्या आधी ते पेपर डर्मटच्या हातात द्यायचे. सात-आठ वर्षांचा डर्मट स्टुलावर उभा राहून रेडिओवरच्या माणसाच्या आवाजात सामन्याचा वृत्तान्त वाचायचा. लोरेटा मोठी, वाचायलाही त्याच्याहून हुशार. पण तिने वाचायला घेतलं की बाबा म्हणायचे, "तू पुटपुटतेस गं पोरी. तू माझ्याशेजारी बस आणि जे कळणार नाही ते सांग." वृत्तान्त बहुतेक हरल्याचाच असायचा. डर्मट तो इतक्या दमदार आवाजात वाचायचा की खालच्या मजल्यावरच्या लोकांना आपण जिंकलो असंच वाटायचं.

म्हातारपणी बाबांनी दोघांना एकच गोष्ट बजावून सांगितली होती. "मी गेल्यावर जिंकले तर येऊन सांगा. फुलं नकोत मला. डर्मटने वाचायचं, आणि नीट वाचायचं."

असं सांगून ठेवणारे ते काही एकटे नव्हते. सगळ्या शहराने आपापल्या म्हाताऱ्यांना तसा शब्द दिला होता. लोरेटाला हे कळलं ते दोन हजार चार साली, नोकरीमुळे. ती कॅथलिक दफनभूमीत गवत कापायची, कडा साफ करायची, पानं गोळा करायची. नवरा फ्लोरिडाला निघून गेला त्या वर्षी तिने हे काम धरलं. (नवरा गेल्याचं तिने केव्हाच माफ केलं. तो तिकडच्या संघाला टाळ्या वाजवायला लागला, ते मात्र नाही.) माळ्यांत ती एकटीच बाई. भीती नाही का वाटत, असं कुणी विचारलं की म्हणायची, "आतली माणसं शांत आहेत. कटकट असते ती भेटायला येणाऱ्यांची."

त्या वर्षी शहाऐंशी वर्षांनंतर शहराचे रेड सॉक्स बेसबॉलचं अजिंक्यपद जिंकले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली. गावात कुणी बडा माणूस गेला असेल असं लोरेटाला आधी वाटलं. मग माणसं उतरायला लागली. कुणाच्या हातात टोपी, कुणाच्या त्रिकोणी झेंडा, कुणाच्या पेपर. टाय लावलेला एक गृहस्थ दगडासमोर मांडी घालून बसला आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा मोठमोठ्याने सामना सांगायला लागला. एका बाईने आजोबांच्या दगडावर बियरची बाटली ओतली आणि रिकामी बाटली नीट पिशवीत घालून घेऊन गेली. दिवसभर सगळ्या दफनभूमीत कुजबुज चालली होती. गवत कापायचं यंत्र लोरेटाने त्या दिवशी सुरूच केलं नाही.

नियमाप्रमाणे दोन आठवड्यांनी तिने ते सगळं उचललं. टोप्या कचऱ्यात टाकायला हात होईना. घरी नेऊन धुतल्या आणि बेघरांच्या निवाऱ्यात दिल्या. त्या हिवाळ्यात चौकात भीक मागणाऱ्यांच्याही डोक्यावर अजिंक्य संघाची टोपी होती.

दोन हजार सातला गर्दी निम्मी झाली. दोन हजार तेराला एवढ्या कमी टोप्या मिळाल्या की त्या घरच्या कपड्यांसोबत धुऊन झाल्या. क्वीली भावंडं मात्र दर वेळी जायची. डर्मट वाचायचा, लोरेटा शेजारी उभी राहायची.

"का नाही येणार?" तिने विचारलं.

"तुला माहितेय का ते."

"आता पंधरा वर्षांनी?"

"पंधरा वर्षं वाट बघितली मी. तू आपणहून सांगशील म्हणून. सांग त्यांना दोन हजार तीनचं. मग मी येतो, वाचतो, म्हणशील तर गातोसुद्धा."

दोन हजार तीनचं प्रकरण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नव्हतं फक्त एकाला, आणि तो जमिनीखाली होता.

त्या ऑक्टोबरात बाबा इस्पितळात होते आणि परत घरी येणार नव्हते. न्यूयॉर्कवाल्यांशी निर्णायक सामना होता. आपण पुढे असताना बाबांना झोप लागली. मग चेंडू फेकून दमलेल्या पिचरला मैदानात ठेवायची चूक झाली, आघाडी गेली, आणि मध्यरात्रीनंतर एका फटक्यात सगळं संपलं. सकाळी बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "काय झालं?" खुर्चीत लोरेटा होती. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "जिंकलो, बाबा."

"किती?"

"सहा-पाच." हरण्याचेच आकडे तिने उलटे करून दिले.

खोटं तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण न्यूयॉर्कला हरवल्यावर अंतिम मालिका आली, आणि बाबा आणखी दोन आठवडे जगले. मग दररोज सकाळी एक सामना बनवावा लागायचा. नर्स मारी-लूर्द हैतीची, तिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण टीव्हीची वायर काढून "सगळ्या मजल्यावर बिघाड आहे" असं ती इतक्या गंभीरपणे सांगायची की दोन डॉक्टरांनीही ते खरं मानलं. शेजारच्या खाटेवरचे मिस्टर स्फोर्झा आपणहून सामील झाले. तिसरा सामना माझ्यावर सोपवा, म्हणाले, आणि असा काही रंगवला की बाबा पुटपुटले, "हे जरा अतीच होतंय." फादर भेटायला आले, ते खोटं बोलले नाहीत. देवाची लीला अगाध आहे एवढंच म्हणाले आणि घाईने निघाले.

सगळ्यात जड काम डर्मटच्या वाट्याला आलं. बाबांना पेपर ऐकायचा असायचा. डर्मट खराच पेपर समोर धरायचा आणि न्यूयॉर्कच्या जागी बोस्टन, बोस्टन करत वाचायचा. रोज सकाळी बाहेरच्या पायऱ्यांवर तो सिगारेट ओढायचा आणि बहिणीला शिव्या घालायचा, मग आत येऊन त्याच रेडिओच्या आवाजात वाचायला बसायचा. मालिकेच्या शेवटी न्यूयॉर्कही हरलं, तरी त्याने बोस्टनचं अजिंक्यपद वाचलं. बाबा रडले, हसले, मारी-लूर्दचा हात धरून म्हणाले, "पोरी, तुला कळतंय का काय झालंय ते?" ती म्हणाली, "कळतंय, मोस्ये कॉन, कळतंय." चार दिवसांनी ते गेले. पुढच्याच वर्षी रेड सॉक्स खरोखर जिंकले.

"मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो," डर्मट आता म्हणत होता. लोणी लावायची सुरी त्याने कधीच खाली ठेवली होती. "पेपरात वाक्य होतं, 'शहाऐंशी वर्षांनंतर.' स्टुलावर उभा राहायचो तेव्हापासून त्या वाक्याची वाट बघत होतो मी. सगळी दफनभूमी रडत होती. आणि ते वाक्य मी गिळलं. का, तर आपल्या बाबांच्या हिशोबी ते लागोपाठ दुसरं अजिंक्यपद. सात साली कितवं अजिंक्यपद ते आकडे गाळले. तेराला गाळले. आकडे गाळून बेसबॉल वाचणं म्हणजे मिठाशिवाय बटाटा गिळणं. तू मला शेफारलेला म्हणतेस. या शहरात सगळ्यात शेफारलेला माणूस कोण असेल तर ते बाबा. त्यांना वाटतंय आपण हरतच नाही."

"तुझ्याकडे अकरा आहेत, डर्म." लोरेटाचा आवाज खाली आला होता. "बेसबॉलचं त्यांनी जिवंतपणी ऐकलेलं ते एकच. बाकी सगळी दगडाला सांगितलेली. ते एक काढून घ्यायचं?"

"खोटं आहे ते."

"त्यांना आनंद झाला, तो काही खोटा नव्हता."

"मग मलाही एकदा होऊ दे ना खरा आनंद. खऱ्या आकड्यांसकट. त्यांच्यासमोर."

लोरेटा खिडकीतून खाली बघत राहिली. तळमजल्यावरच्या बाईने पायरीवर भोपळे मांडले होते, त्यातल्या एकाला लाल टोपी घातली होती. धाकट्या भावाने तिच्याकडे आजवर मागितलं असं फारसं काही नव्हतंच. घर वाटून घेताना वरचा मजला तिने मागितला, त्याने दिला. आई शेवटी कुणाकडे राहणार यावर ती म्हणाली माझ्याकडे, त्याने मान डोलावली.

"ये बाराला," ती म्हणाली. "सांगते मी त्यांना."

"सांगशील?"

"म्हटलं ना."

बाराला डर्मट आला तेव्हा फाटकापाशी एकही गाडी नव्हती. मेपलची पानं वाटेवर पसरली होती आणि लोरेटाने सकाळी लावलेले ढीग वाऱ्याने पुन्हा विस्कटले होते. आत कुठे झेंडा नाही, टोपी नाही. डर्मट इकडेतिकडे बघत चालला होता.

"कुणीच नाही?"

"सकाळी तिघं येऊन गेले. त्यातला एक तर पत्ता चुकला होता."

"दोन हजार चारला गाडी लावायला जागा नव्हती इथे."

"सांगत काय होते मी तुला?"

वळणावर मात्र एकजण होती. मिसेस कडमोर नवऱ्याच्या दगडासमोर घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर गोधडी, हातात थर्मासचं झाकण. नव्वदीच्या होत्या. त्यांना इथे कोण आणून सोडतं आणि कधी परत नेतं, हे लोरेटालाही कधी उमगलं नव्हतं.

"कॉनला सांगायला आलात?" त्यांनी विचारलं. "माझं झालं सांगून. फ्रान्सिस खूश आहे."

"रात्री जागलात वाटतं सामन्याला," डर्मट म्हणाला.

"छे रे. सकाळी शेजारणीने सांगितलं. मी त्याला सोळा-शून्य सांगितलं."

डर्मट थांबला. "पाच-एक होता, मिसेस कडमोर."

"मला ठाऊक आहे तो किती होता. पण फ्रान्सिसला चुरस सोसायची नाही. डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती."

"पण... आता ते..."

"आता काय? आता त्याने पथ्य सोडावं?" म्हातारीने चहाचा घोट घेतला. "हे बघ बाळ, तो जिवंत होता तेव्हा चाळीस वर्षं मी त्याला खरं सांगत आले. वजन वाढलंय, बॉस तुला मूर्ख समजतो, हे जॅकेट तुला शोभत नाही. सगळं खरं. काय मिळालं? आता मी त्याला फक्त मोठे विजय सांगते. तो काय उठून पेपर बघणार आहे?"

लोरेटाने ओठ घट्ट मिटून घेतले. डर्मटने टोपी काढून मान झुकवली, आणि दोघं पुढे निघाले. चालताना एकदा मागे वळून त्याने खुर्चीकडे पाहिलं फक्त.

क्वीलींचा दगड साधा होता. वर बाबांचं नाव, खाली आईचं. लोरेटाने पायाने पानं बाजूला केली, ओलं गवत मोकळं झालं. पेपर तिने भावाच्या हातात दिला. सकाळीच तिने तो वाचून काढला होता आणि अवघड परिच्छेद कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. दुसऱ्या स्तंभात, तळाशी. या शतकातलं हे चौथं अजिंक्यपद, आणि पुढे साल न् साल, दोन हजार तीन सोडून.

"आधी तू," डर्मट म्हणाला.

"हो."

तिने हातमोजे काढले. असं काही सांगताना हातमोजे घातलेले बरे दिसणार नाहीत, असं उगीच तिला वाटलं. घसा खाकरला. या दगडाभोवतीचं गवत तिने कितीदा कापलं होतं आणि कापता कापता बाबांशी किती बोलली होती. पावसाबद्दल, गुडघ्याबद्दल, नवऱ्याच्या नव्या बायकोबद्दल.

"बाबा," ती म्हणाली. "आम्ही येतोच दर वेळी. पण एक गोष्ट सांगायची राहिलीय. दोन हजार तीनची. तुम्ही तेव्हा इस्पितळात होतात, आणि मी तुम्हाला म्हणाले होते की न्यूयॉर्कवाल्यांना..."

पेपर फडफडला. डर्मटने तो दोन्ही हातांनी पूर्ण उघडला होता, बाबांना आवडायचा तसा, पानाला एक झटका देऊन.

"लॉस एंजेलिस, रविवार," त्याने सुरुवात केली.

"डर्म, थांब, मी सांगतेय ना..."

पण तो आवाज एकदा लागला की थांबणारा नव्हता. रेडिओवरच्या माणसाचा आवाज, अठ्ठावन्न वर्षांच्या गळ्यातून. कुणी फटका मारला, कुणी झेल घेतला, कुठल्या डावात काय झालं. या वेळी त्याने एकही आकडा गाळला नाही. तो पाच-एक म्हणाला तेव्हा लांबवर मिसेस कडमोरनी नापसंतीने मान हलवल्याचं लोरेटाला दिसलं. पहिला स्तंभ संपला. दुसरा सुरू झाला. लोरेटा हातमोजे पिळत उभी होती. तिला कळलं, सांगायचं ते आता तोच सांगणार. पेपरातूनच सांगणार. तिच्या पुटपुटण्यापेक्षा ते बरंच म्हणायचं. तिने नजर गवतावर लावली आणि वाट पाहिली.

डर्मट तळाशी पोचला. श्वास घेतला.

"या शतकातलं," त्याने वाचलं, "हे पाचवं अजिंक्यपद."

लोरेटाने मान वर केली.

"दोन हजार तीन," तो वाचत होता, डोळे पेपरवर, बोट ओळीखाली, स्टुलावर उभं राहून वाचताना ठेवायचा तसं. "दोन हजार चार. दोन हजार सात. दोन हजार तेरा. आणि आता दोन हजार अठरा." अडखळला नाही, आवाज हलला नाही. पुढचा परिच्छेद त्याने त्याच चालीत घेतला, मिरवणुकीचा रस्ता वाचला, वाहतूक कुठून वळवली आहे तेही वाचलं, आणि मग पेपर घडीवर घडी घालून दगडाच्या पायथ्याशी ठेवला.

वारा पडला होता. लोरेटाला पुष्कळ बोलायचं होतं, पण तोंडातून आला तो एकच प्रश्न.

"मी सांगत होते त्यांना. खरंच सांगत होते. का केलंस असं?"

डर्मटने खाली वाकून पेपरवर एक गोटा ठेवला, उडून जाऊ नये म्हणून. घड्याळ पाहिलं. दुपारची फेरी होती, पोरं सुटायची वेळ होत आली होती. त्याने टोपी डोक्यावर नीट बसवली, बहिणीच्या खांद्यावर जाता जाता एक थाप मारली आणि दोन्ही हात खिशात घालून, पानं तुडवत, फाटकाकडे चालू लागला.